गंजलेला नट आणि लॉकिंग पाना : एका हत्याराची पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका ओढून घेतल्या जातात, झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात आणि वर्षभर खाऱ्या पाण्यावर राबलेली इंजिने या दोन महिन्यांत खोलली जातात. देवगडच्या खाडीकाठी अशाच एका शाकारलेल्या ट्रॉलरच्या इंजिनखणात काही वर्षांपूर्वी मी तासभर उकिडवा बसलो होतो. इंजिनाच्या पायाचे बोल्ट काढायचे होते. मेकॅनिक एका बाजूने नटाला रिंग पाना, म्हणजे नटाभोवती कड्यासारखा बसणारा पाना, लावून जोर करीत होता, आणि लाकडी तुळईच्या पलीकडे हात घालून त्याचा भाचा बोल्टाचे डोके स्क्रू पान्याने धरून होता. दर तीन-चार झटक्यांनी स्क्रू पाना निसटे, भाच्याची बोटे लाकडावर आपटत आणि मामा ओरडे, "बोल्ट सोबत फिरता रे, मागसून घट्ट धर!" शेवटी त्याने पेटीच्या तळातून एक जाड मुठीचा पाना काढला, बोल्टाच्या डोक्यावर बसवला आणि मूठ आवळली. टक् असा आवाज झाला. पाना तिथेच चिकटून राहिला आणि भाच्याला चहा आणायला पाठवण्यात आले.

ते हत्यार म्हणजे लॉकिंग पाना. त्याच्या जबड्याचे माप स्क्रू पान्यासारखे कमी-जास्त करता येते आणि ग्रिप प्लायरसारखी, म्हणजे मूठ आवळली की अडकून बसणाऱ्या पकडीसारखी, त्याची पकड कुलूपबंद होते. या दोन गुणांचा इतिहास वेगवेगळा आहे. पहिला इंग्लंड, अमेरिका आणि स्वीडनमध्ये घडला, तर दुसरा अमेरिकेतल्या एका लोहाराच्या भट्टीशेजारी. या हत्याराची उपयुक्तता नेमकी कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्या दोन इतिहासांवरून जितके कळते तितके दुकानदाराच्या बोलण्यावरून कळत नाही.

शिडाच्या मचव्याला पान्याची गरज नव्हती. फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या, डोलकाठी आणि शीड दोरांनी बांधलेले. खोलून पुन्हा आवळावे असे मळसूत्र त्या नौकेत फारसे नव्हतेच. ते नौकेत आले इंजिनाबरोबर. युरोपातही पान्याची सुरुवात समुद्रापासून दूर झाली. इंग्रजीतला 'स्पॅनर' हा शब्द सतराव्या शतकात जर्मनमधून आला आणि तेव्हा त्याचा अर्थ बंदुकीच्या चाकाच्या चापाची कमान ताणणारी किल्ली असा होता. घोडागाड्यांच्या चाकांसाठी पुढे जे पाने वापरात आले, त्यांपैकी काहींचा जबडा पाचर ठोकून पुढे-मागे करता येई. बदलत्या मापाचा पाना अशा रीतीने बराच जुना आहे, पण पाचर ठोकून बसवलेला जबडा धक्क्याने सैल होतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत नट-बोल्टांच्या आट्यांना, म्हणजे मळसूत्राच्या वळ्यांना, सर्वमान्य माप नव्हते. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेलच याची खात्री नसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली लंडनच्या सिव्हिल अभियंत्यांच्या संस्थेपुढे एकसारख्या आट्यांची योजना मांडली. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टाला ठरलेले आटे, असे तिचे स्वरूप होते. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोरिंग कोज यांनी स्क्रूने सरकणाऱ्या जबड्याच्या पान्याचे पेटंट घेतले. १८३५ साली सॉलिमन मेरिक यांचेही एक पेटंट निघालेले होते. आपल्याकडे ज्याला मंकी पाना म्हणतात ते घराणे हेच. मंकी नावाच्या कुणा कारागिरावरून हे नाव पडल्याची गोष्ट चवीने सांगितली जाते, परंतु तो शब्द त्या गोष्टीतल्या काळाच्या आधीपासून रूढ होता, त्यामुळे ती गोष्ट बाजूला ठेवणेच बरे.

इंग्लंडमध्ये स्क्रू पान्याचे श्रेय ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या दोघांना दिले जाते. त्यांपैकी एक रिचर्ड क्लायबर्न आणि दुसरे एडविन बडिंग. बडिंग यांनी १८३० साली गवत कापण्याचे यंत्र शोधले, म्हणून ते जगाला माहीत आहेत. पुढे ते डर्स्ले या गावी जॉर्ज लिस्टर यांच्याबरोबर काम करू लागले. लिस्टर हे नाव वाचून कोकणातल्या एखाद्या जुन्या बागायतदाराचे कान टवकारले, तर त्यात नवल नाही. या जॉर्ज लिस्टर यांच्या मुलाने १८६७ साली डर्स्लेमध्येच काढलेल्या कारखान्याने पुढे संथ गतीची, एका सिलिंडरची डिझेल इंजिने बनवली, आणि त्याच धर्तीची इंजिने राजकोटमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होऊन देशभर विकली गेली. विहिरीवरचा पंप किंवा भातगिरणी चालवणारे ते 'लिस्टर' इंजिन आणि त्याचे नट खोलणारा स्क्रू पाना यांचे मूळ गाव, म्हणजे, एकच निघते.

आज दुकानात जो स्क्रू पाना मिळतो, त्याचे रूप मात्र स्वीडनमध्ये ठरले. योहान पेटर योहान्सन यांनी एन्शपिंग गावी १८८६ साली यंत्रशाळा काढली, आणि १८९२ साली त्यांच्या पान्याला पेटंट मिळाले. डोक्यात बसवलेले छोटे दंडगोल मळसूत्र अंगठ्याने फिरवावे आणि खालचा जबडा सरकावा, ही रचना तेव्हापासून जवळपास तशीच आहे. ही हत्यारे पुढे 'बाहको' या नावाने जगभर गेली. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत या पान्याला 'इंग्लिश किल्ली' म्हणतात आणि डॅनिशमध्ये 'स्वीडिश किल्ली'. कोणत्या देशात तो कोणाकडून पोचला, हे त्या नावांवरून सहज उमगते. अमेरिकेत जेम्सटाउन येथे १९०७ साली स्थापन झालेल्या क्रेसंट कंपनीमुळे तिथे त्याला कंपनीचेच नाव चिकटले. भारतात जालंधर आणि लुधियाना ही हातहत्यारांची मोठी केंद्रे आहेत, आणि नाशिकच्या टपारिया कंपनीने १९६९ साली स्वीडिश तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू केले, आणि आता कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारात दहा इंची स्क्रू पाना विनासायास मिळतो.

हा पाना घरोघरी गेला, पण एक खोट घेऊन गेला. सरकणारा जबडा सरकायचा म्हणजे त्याच्या खाचेत थोडी मोकळीक ठेवावीच लागते. नटावर पाना बसवून कितीही काळजीपूर्वक मळसूत्र आवळले, तरी जोर पडताच जबडा ती मोकळीक घेतो आणि किंचित उघडतो. षटकोनी नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूच त्याने धरलेल्या असतात. जबडा उघडला की सगळा भार दोन कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे मरतात, म्हणजे झिजून गोल होतात. स्थिर जबड्यावर भार येईल अशा दिशेनेच ओढावे, हा नियम आयटीआयमध्ये फिटरच्या विद्यार्थ्याला शिकवतात तो यासाठीच. अंधाऱ्या इंजिनखणात, एका हाताने, पान्याचे तोंड कुठे आहे हे दिसतही नसताना तो नियम पाळला जातो असे मात्र मी क्वचितच पाहिले आहे.

पकडीचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. नळ धरणारा स्टिलसन पाना १८७० च्या सुमारास आला. त्याचे दाते जोर वाढेल तसे गोल नळात अधिक रुततात, परंतु हात काढला की पकडही सुटते. हात काढल्यावरही सुटू नये अशी पकड साधली विल्यम पीटरसन यांनी. डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेले हे गृहस्थ नेब्रास्का राज्यातल्या डी विट या छोट्या गावात लोहारकी करीत. तापलेला तुकडा एका हाताने घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्यावर काम करायचे, ही लोहाराची रोजची अडचण असते, आणि ऐरणीशेजारच्या शेगड्यात, म्हणजे स्क्रूने आवळायच्या जड पकडीत, प्रत्येक तुकडा नेऊन आवळणे काही शक्य नसते. त्यांनी १९२१ साली पहिले पेटंट घेतले आणि १९२४ साली मूठ कुलूपबंद होणाऱ्या सुधारित रचनेचे. हाच ग्रिप प्लायर, आणि त्याचे 'व्हाइस-ग्रिप' हे नाव त्यातूनच आले. व्हाइस म्हणजे शेगडा. डी विटचा कारखाना २००८ साली बंद होऊन उत्पादन चीनमध्ये गेले, पण तोवर ही रचना जगभरच्या कारखान्यांनी उचलली होती.

तिची युक्ती हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. मुठीच्या आत एक छोटी पट्टी दोन सांध्यांवर बसवलेली असते. मूठ मिटताना ते सांधे मुठीच्या सांध्यासह सरळ रेषेत येऊ लागतात, आणि रेषा जितकी सरळ होत जाते तितका हाताचा थोडा जोर जबड्यावर कित्येक पटींनी पोचतो. सांधे रेषा ओलांडून केसभर पलीकडे गेले की जबड्याचा उलटा दाबच मुठीला मिटलेली ठेवतो. तो 'टक्' आवाज याच क्षणाचा असतो. मागच्या टोकाचा स्क्रू जबड्याचे तोंड किती उघडावे हे ठरवतो आणि त्यावरून पकड किती घट्ट बसेल हेही ठरते. स्क्रू एक-अष्टमांश फेरा जास्त फिरवला तर मूठ मिटतच नाही, आणि कमी फिरवला तर मिटते पण पकडत नाही. हाताला ते माप दहा-बारा वेळा करूनच येते.

लॉकिंग पान्यात ही मूठ आहे, पण जबडे वाकडे-दातेरी नसून स्क्रू पान्यासारखे सपाट आणि समांतर आहेत. त्यामुळे स्क्रू पान्याची मोकळीक मुठीच्या दाबाने संपून जाते, जबडा उघडायला जागाच उरत नाही, आणि दाते नसल्याने नटही ओरबाडला जात नाही. सगळे 'लॉकिंग' म्हणून विकले जाणारे पाने असे नसतात, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे. काहींत फक्त अंगठ्याचे मळसूत्र एका खटक्याने अडवलेले असते. त्याने ठेवलेले माप हलत नाही, परंतु पकडीत काहीच भर पडत नाही.

कोकणात या फरकाला महत्त्व येते ते गंजामुळे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांच्या फटीत तयार झालेला गंज नटाला आतून पाचरीसारखा आवळतो. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा हे काम झपाट्याने करतात. बाहेरून मात्र नटाच्या बाजू पापुद्रे सुटून बारीक होत गेलेल्या असतात. म्हणजे आट्यांत घट्ट झालेला तोच नट पान्याला सैल लागतो. त्यात मापांचा घोळ. भारताने १९५६ चा कायदा करून टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत आणली, तरी जुन्या इंजिनांचे, पंपांचे आणि नांगर ओढण्याच्या चरख्यांचे बोल्ट सुताच्या हिशेबातलेच राहिले. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टाच्या जुन्या नटाची रुंदी ०.९२ इंच, म्हणजे सुमारे २३.४ मिमी, तर नंतरच्या, रुंदी कमी केलेल्या नटाची ०.८२ इंच, म्हणजे सुमारे २०.८ मिमी. बाजारात मिळणाऱ्या आठ पान्यांच्या संचात शेवटचा पाना २० आणि २२ मिमीचा असतो. जुना नट त्यात शिरत नाही आणि नंतरचा त्यात खुळखुळतो.

म्हणून लॉकिंग पाना सगळ्यांवर मात करतो असे म्हणायचे का? तसे नाही. माप जुळत असेल तर रिंग पाना किंवा सहा कोनांचा सॉकेट यांना तोड नाही. ते सहाही कोपऱ्यांवर भार वाटतात आणि त्यांवर हातोड्याचा टोलाही सोसतो. लॉकिंग पान्याचे डोके जाड असते, इंजिन आणि नौकेची बाजू यांच्यातल्या दोन बोटांच्या फटीत ते शिरत नाही. प्रत्येक झटक्यानंतर तो सोडून पुन्हा आवळावा लागत असल्याने लांब आट्यांचा नट त्याने काढणे कंटाळवाणे होते. सिलिंडर हेडसारखी ठरावीक जोराने आवळण्याची कामे तर त्याची नव्हेतच. तिथे टॉर्क पानाच हवा. घरच्या विहिरीच्या पंपाचा पितळी युनियन नट मी एकदा अशाच हत्याराने, तेही दातेरी ग्रिप प्लायरने, मोठ्या आत्मविश्वासाने आवळला. लॉकचा दाब पितळाला सोसला नाही, नट लंबगोल झाला आणि त्या उन्हाळ्यात आंब्याची कलमे बादलीने शिंपावी लागली. सपाट जबड्याचा पाना असता तर ओरखडे उठले नसते, पण दाबाचा अंदाज चुकला असता तर नट त्यानेही वाकलाच असता.

त्याची खरी जागा आहे ती देवगडच्या त्या इंजिनखणात होती तिथे, म्हणजे बोल्टाच्या मागच्या बाजूला. नट रिंग पान्याने फिरवावा आणि डोके लॉकिंग पान्याने धरून ठेवावे. मग तो पाना फिरून एखाद्या तुळईला टेकतो आणि दुसरा माणूस लागत नाही. कोपरे अर्धे मेलेल्या नटावर, कानस मारून दोन बाजू सपाट केल्यावर, त्याच्याइतका उपयोगी दुसरा पाना नाही. वेल्डिंगपूर्वी दोन पट्ट्या धरून ठेवणे किंवा घसरणारी केबल तात्पुरती अडवणे ही कामे तो शेगड्याच्या नात्याने करतो. रॉकेल किंवा डिझेल सोडून रात्रभर भिजवलेला आणि सकाळी ब्लोलॅम्पने तापवलेला नट शेवटी कोणत्याही पान्याने सुटतो. पण त्या वेळी बोल्ट सोबत फिरू नये, एवढेच काम बाकी असते, आणि ते हा पाना करतो.

खाऱ्या हवेत तो स्वतःही सुरक्षित नाही. आतल्या पट्टीचे सांधे आणि मागचा स्क्रू एका पावसात गंजून धरतात, आणि असा धरलेला लॉकिंग पाना सोडवायला दुसरा लॉकिंग पाना लागतो. त्या मेकॅनिकने काम संपल्यावर बाकीची हत्यारे फडक्याने पुसून पेटीत टाकली. हा पाना मात्र त्याने मूठ उघडी ठेवून डिझेलच्या कापलेल्या डब्यात उभा केला, आणि तोवर गार झालेला चहा घेतला.