२२३ जणांना गुण आला, तरी मलम वाईट

बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावात पारावर दवाखान्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, सरकारने पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रात घालावा, डॉक्टर मुक्कामी राहिला पाहिजे. दुसऱ्यांचं म्हणणं, महात्मा फुले योजनेत घालावा, मोठं ऑपरेशन फुकट होतं. कोण कुठल्या पक्षाचा हे ठाऊक असलं की तो काय बोलणार हेही ठरलेलं. आणि दोन्हीकडे समजूत एकच: समोरच्याला हिशेब कळत नाही.

हिशेब कळल्याने भांडण मिटतं का, हे येल विद्यापीठातल्या डॅन कहान यांनी सहकाऱ्यांसह तपासलं. हा प्रयोग २०१३ मध्ये पुढे आला. १,१११ अमेरिकनांपैकी काहींना त्वचेच्या मलमाचे रचलेले आकडे दिले. मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांत १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. २२३ बघून मलम गुणकारी वाटतं. पण टक्केवारी काढा: लावलेल्यांत सुमारे ७५ टक्क्यांना गुण, न लावलेल्यांत ८४. म्हणजे मलम न लावलेलंच बरं. निम्म्याहून जास्त लोक इथे चुकले. गणितात पक्के होते ते कमी चुकले.

बाकीच्यांना हेच आकडे लपवून पिस्तूल बाळगण्यावरच्या बंदीच्या नावाने दिले: बंदी असलेल्या शहरांत गुन्हे घटले की वाढले? तिथे डेमोक्रॅट साधारण अशा बंदीच्या बाजूचे, रिपब्लिकन विरोधातले. इथे मात्र गणितात पक्के असलेल्यांमध्येच दोन पक्षांच्या उत्तरांतलं अंतर सगळ्यात जास्त निघालं. वरवरचं उत्तर आपल्या बाजूचं असलं की माणूस तिथेच थांबतो. ते बोचलं की टक्केवारी काढायला बसतो. मला हे फार अस्वस्थ करतं. शिकलेल्यांनी तरी भांडण मिटवावं, हीच तर आपली आशा असते.

शिवाय हिशेब बरोबर आला तरी एक प्रश्न उरतोच. जे 'आहे' त्यातून जे 'असावं' ते आपोआप निघत नाही, हे अठराव्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने नेमकं पकडलं होतं. समजा, गावातल्या लेकराला लस द्यायला जेवढा खर्च येतो, त्याच्या तिप्पट तांड्यावरच्या लेकराला येतो. हा आकडा काढणं विज्ञानाचं काम. तो खर्च करायचा का, हे आकडा सांगणार नाही. ते आपण कुणाकुणाला आपलं मानतो यावर ठरतं.

पारावर मी एकदा हेच विचारलं. योजनेची बाजू घेणारे काका लगेच म्हणाले, "करायचा की! दिवाळी झाली की ती लेकरं आईबापासंग ऊसतोडीला जातात, मग त्यांना लस कोण देणार?" केंद्राची बाजू घेणारे अण्णा मान हलवत होते. मग दोघं मिळून मोजायला लागले: टोळ्या निघायच्या आधी सिस्टर तांड्यावर किती खेपा करते, आणि ओढ्याला पाणी असलं की पलीकडे जाते कशी.