दुसरा हात कधी द्यायचा?

रंगारी बोट टेकवून रंग वाळल्याचे सांगतो, पण बोटाला कळते ती फक्त वरची साय. खाली ओल असताना दुसरा हात मारला तर सुरकुत्या पडू शकतात. वजन करून पाहावे, तर तेही फसवते. इमल्शनमधले पाणी उडून वजन घटते, हे ठीक. पण ऑइल पेंटमधले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, म्हणजे सुरुवातीला त्याचे वजन चक्क वाढते!

न शिवता आतले सांगणारी एक पद्धत लेसरची आहे. १९६० साली लेसर आला, तेव्हापासून एक तक्रार होती: खडबडीत पृष्ठभागावर त्याचा प्रकाश एकसारखा दिसत नाही, कणीदार ठिपक्यांचा दिसतो. पृष्ठभागाच्या वेगवेगळ्या बिंदूंवरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे पुसून टाकतात. छायाचित्र बिघडवणारे हे ठिपके इथे मात्र कामाचे ठरतात. रंगातला कण मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका जरी सरकला, तरी ठिपक्यांची नक्षी बदलते.

ओल्या रंगावर ठिपके अक्षरशः उकळताना दिसतात. पाणी उडते, पॉलिमरचे (रंगाला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्याचे) कण एकमेकांना भिडून चेपटतात, आणि उकळी मंदावते. कॅमेऱ्याने एकामागून एक चित्रे घ्यायची आणि नक्षी किती वेळ टिकते ते मोजायचे: आधी सेकंदाचा लहानसा अंश, मग सेकंद, पुढे मिनिटे.

पांढऱ्या रंगात तर आणखी मौज आहे. भिंत झाकण्यासाठी घातलेले टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशाला आत अनेकदा ठोकरून बाहेर काढते. प्रत्येक ठोकरीला कणांच्या हालचालीची भर पडते, त्यामुळे लहरीच्या लांबीहून कितीतरी कमी सरकणेही पकडता येते. या तत्त्वावरचे तंत्र १९८०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आले. त्याने दिसते की थेंबासारखा थर बहुधा कडेकडून आधी शांत होतो आणि वाळण्याची सीमा मध्याकडे सरकते. सगळे शांत वाटत असताना एखादी बारीक तडे जाण्याची घटना झाली, तर नक्षीत अचानक उसळी येते.

अडचणीही आहेत. टेबल हलले किंवा पंखा लागला, तरी ठिपके नाचतात. काजळीच्या काळ्या रंगात बहुतेक प्रकाश शोषलाच जातो, तेव्हा हाती फार थोडे लागते. शिवाय ठिपके हालचाल सांगतात, पाणी किती उरले ते नाही; त्यासाठी तराजू शेजारी ठेवावाच लागतो.