जांभ्यातलं लोखंड समुद्रात गेलं की जातं कुठं?

पावसात दाभोळला खाडीच्या मुखाशी उभं राहिलं की वाशिष्ठीचं लाल पाणी समुद्रात घुसताना दिसतं आणि कोणीतरी म्हणतंच, माती चालली बघा वाहून. माती तर जातेच, पण तो लाल रंग गंजाचा, म्हणजे लोखंडाचा, आपला जांभा लाल दिसतो तोही त्यामुळेच. एवढं लोखंड पडतंय म्हटल्यावर समुद्रात ते रग्गड असणार असं वाटतं. तसं अजिबात नाहीये, आणि मला हे जाम भारी वाटतं.

घरीच करून बघा. दोन ग्लासात तेच गढूळ पाणी घ्या, एकात चमचाभर जाडं मीठ ढवळा आणि ठेवून द्या. मिठाचा ग्लास आधी निवळतो. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, मिठातले सोडियमचे धन आयन तो भार झाकतात, मग कण चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. खाडीत गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथे हेच होतं, नदीचं बहुतेक लोखंड तिथेच गाळात जातं. विरघळलेलं थोडं पुढे गेलं तरी ऑक्सिजन त्याचा गंज करतो. भर समुद्रात बऱ्याच ठिकाणी वरच्या हजार लिटर पाण्यातलं विरघळलेलं लोखंड बारीक मिठाच्या एका दाण्याहूनही कमी भरतं.

आणि फायटोप्लँक्टनचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती-प्लवकांचं, त्याच्यावाचून अडतं. नायट्रेट, फॉस्फेट लागतंच, पण प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन हातोहात पुढे द्यायला फेरेडॉक्सिन नावाचं प्रथिन असतं, त्यात लोखंड असतं. लोखंडाची टंचाई आली की डायटम (सिलिकाचं काचेसारखं कवच असलेले प्लवक) फेरेडॉक्सिनच्या जागी फ्लॅव्होडॉक्सिन बनवतात, त्यात लोखंडाऐवजी व्हिटॅमिन बी२ पासून बनलेला रेणू असतो! एका पेशीचा जीव, पण काय सोय करून ठेवलीय.

आपल्या किनाऱ्याला ही टंचाई फारशी नाही. पावसाळ्यात खालचं नायट्रेटवालं पाणी वर येतं, नंतर तळाजवळचा ऑक्सिजन इतका घटतो की गाळातला गंज परत विरघळतो, म्हणजे खाडीने अडवलेलं लोखंड उलट्या वाटेने परत मिळतं. त्यावर डायटम वाढतात आणि तारली, बांगड्याचं पोट शेवटी त्यांच्यावरच चालतं.

प्लवक वाढताना कार्बन डायऑक्साइड घेतात आणि मेले की तळाला बसतात, एवढ्यावरून 'समुद्रात लोखंड टाका, हवेतला कार्बन डायऑक्साइड तळाला जाईल' असले फॉरवर्ड फिरतात, ते वाचले की राग येतो. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी लोहाफेक्स प्रयोगात दक्षिण महासागरात ३०० चौरस किलोमीटरवर लोखंड टाकून बघितलंय. प्लवक वाढले, पण डायटम नाहीत, कारण कवचाला लागणारी सिलिका तिथे आधीच संपली होती, जे वाढले ते कोपेपॉडसारख्या बारीक जीवांनी खाऊन टाकले आणि तळाकडे कार्बन फारसा गेलाच नाही.