कॅन्सरवर केमो सुरू आहे, म्हणून पडूनच राहायचं?

"केमो चालू आहे ना, मग पडून राहा, ताकद साठव." माणसं मायेनं सांगतात, पण हा सल्ला चुकीचा आहे. नुसतं पडून राहिलं की स्नायू झिजतात आणि थकवा उलट वाढतो. आठवड्यातून ३ वेळा, ३० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाने थकवा आणि चिंता कमी होते, असं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने जमवलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सांगितलं. पहिल्या दिवशी भिंतीला हात टेकत पलंगापासून दारापर्यंत गेलात, तरी पुष्कळ झालं. उद्या दोन फेऱ्या. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर वजन उचलूच नये, हीसुद्धा जुनी भीती. या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येऊ शकते, पण देखरेखीखाली उचलायचं वजन हळूहळू वाढवलं, तर ती वाढत नाही. ताप असेल, प्लेटलेट्स फार घटल्या असतील किंवा आजार हाडांत पोचला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.