पान भारी असणं वेगळं, ऑल-इन परवडणं वेगळं

तीन पानी येणाऱ्याला पोकर शिकवायला वेळ लागत नाही. पॅक (पानं टाकून डाव सोडणं), शो सगळं ओळखीचंच. तीन पानीत रन (ओळीनं येणारी पानं) कलरला (एकाच चिन्हाच्या पानांना) मारते, पोकरच्या पाच पानांत कलर रनला मारतो. तेही एका संध्याकाळीत अंगवळणी पडतं.

घोळ होतो ऑल-इनला, म्हणजे जवळचं सगळं एकदम लावण्याला. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर कुणी सगळं पुढं ढकललं की एकच प्रश्न येतो, "पान भारी हाय का?" तीन पानीत हा प्रश्न बरोबर आहे, कारण वाटलेली पानं बदलत नाहीत. पोकरमध्ये हातात दोनच पानं, आणि मध्ये सगळ्यांसाठीची पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडतात; ऑल-इनच्या वेळी ती बरीचदा उघडायची राहिलेली असतात. तिथं विचारायचं, "या भावात परवडतंय का?" मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघितलेल्या माणसाला हे कळायला हवं. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पिवळाधमक असला तरी भाव चढला की व्यापारी मागं सरतो, आणि काळपट रवा पडत्या भावात उचलतो.

आम्ही काडेपेटीच्या काड्यांवर खेळतो. समजा, मध्ये 60 काड्या आहेत. समोरच्यानं उरलेल्या 30 लावल्या. तुम्ही 30 घातल्या की ढीग 120 चा, म्हणजे तुमचा वाटा चौथा हिस्सा. चार डावांत एकदा जिंकलात तरी बरोबरी.

हातात बदामाची नव्वी-अठ्ठी. खाली बदाम राजा, बदाम दुर्री, किल्वर चौकी. आत्ता तुमच्याकडे जोडीसुद्धा नाही. पण न दिसलेल्या 47 पानांत 9 बदाम आहेत आणि दोन पानं उघडायचीत, म्हणजे कलर लागायची शक्यता सुमारे 35 टक्के. लागतात 25. घ्यायचं! चौथं पान इस्पिक राणी पडल्यावर त्यानं याच भावात ऑल-इन केलं असतं, तर एकच पान उरलं असतं: 46 पैकी 9, जेमतेम 20 टक्के. पॅक करायचं. हातातली पानं दोन्ही वेळी तीच.

यावर "कलर लागला म्हणजे शहाणा, नाही लागला म्हणजे येडा" असं पान उघडल्यावर म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. निर्णय पान उघडायच्या आधीचा असतो.

हे टक्के समोरच्याच्या सवयीवरही हलतात. खाली काहीच उघडलेलं नसताना राणीची जोडी कुठलीही दोन पानं घेऊन ढकलणाऱ्या पोरासमोर 80 टक्क्यांच्या आसपास जिंकते. एक्क्यांची किंवा राजांची जोडी असल्याशिवाय ऑल-इन न करणाऱ्या काकांसमोर तीच जोडी पाचात एकदाही धड जिंकत नाही. मागच्या रविवारी काकांनी मोठा ऑल-इन केला आणि मी राण्या टाकल्या. कट्टा हळहळला. काकांनी पानं दाखवली नाहीत, मीही विचारली नाहीत.