२-० ने जिंकलं म्हणजे वरचा नंबर? नाही

ट्रेडिंग कार्ड गेमच्या स्पर्धांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: गुण सारखे झाले तर २-० ने जिंकणारा २-१ वाल्याच्या वर जातो (एका सामन्यात जास्तीत जास्त तीन डाव, दोन जिंकले की सामना तुमचा). म्हणून काही जण तिसरा डाव टाळायला जिवाचं रान करतात.

मॅजिक द गॅदरिंगचंच बघा. सामना जिंकला की ३ गुण, बरोबरीला १, हरलात तर शून्य. गुण सारखे असतील तर आधी तुमचा खेळ बघतच नाहीत; तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी त्या स्पर्धेत किती टक्के सामने जिंकले, त्याची सरासरी बघतात. डावांची टक्केवारी त्यानंतर. पोकेमॉनमध्ये तर दुसऱ्या पायरीवरही प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धी येतात!

समजा, दोघांचे ५ फेऱ्यांत १२ गुण, म्हणजे चार सामने जिंकले, एक हरले. पहिल्याने चारही सामने २-० ने मारले, पण त्याचे प्रतिस्पर्धी ६०, ६०, ४०, ४० आणि २० टक्क्यांवर अडकले. मॅजिकमध्ये ३३ च्या खाली कुणाला मोजत नाहीत, म्हणून २० चे ३३ होतात. सरासरी ४६.६. दुसरा चारही वेळा २-१ ने कसाबसा सुटला, पण त्याचे प्रतिस्पर्धी ८०, ६०, ६०, ६०, ४०. सरासरी ६०. वर दुसराच.

यात तुमच्या हातात फारसं काही नसतं, हे खरंच चीड आणणारं आहे. हरायचंच असेल तर उशिरा हरलेलं बरं: पहिल्याच फेरीत हरलात की पुढच्या जोड्या बहुधा हरलेल्यांशीच लागतात आणि सरासरी घसरते.