लुईसच्या नावाचं कडू मूळ

२२ ऑगस्ट १८०५. रॉकी पर्वतरांगेत शोशोनी लोकांच्या सोबतीने मुक्काम पडला होता. मेरिवेदर लुईसने कुठलीशी वाळकी मुळं उकळून चाखली. मुळं मऊ शिजली, पण इतकी कडू की त्याला मळमळलं. उरलेली त्याने शोशोनींना देऊन टाकली आणि त्यांनी ती चवीने खाल्ली, असं त्याच्या रोजनिशीत आहे. नऊ वर्षांनी वनस्पतिशास्त्रात त्याच झाडाला त्याचं नाव लागलं : लुईसिया रेडिव्हिवा.

मिसुरी नदीने वर जात डोंगर ओलांडायचे आणि पॅसिफिक गाठायचा, ही मोहीम अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची. १८०४ ते १८०६ या काळात लुईस आणि त्याचा जोडीदार विल्यम क्लार्क यांनी ती पार पाडली. सोबत एकही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. लुईस लष्करातला, १८०३ मध्ये फिलाडेल्फियाला वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन बार्टन यांच्याकडे जुजबी धडे घेऊन निघालेला. मात्र त्याची आई झाडपाल्याची औषधं द्यायची. जून १८०५ मध्ये पोटात कळा आणि ताप सुरू झाला, तेव्हा त्याने चोकचेरी या रानटी चेरीच्या डहाळ्यांचा काळाकुट्ट काढा करून घेतला आणि दुसऱ्या सकाळी चालू लागला. हे काही बार्टनसाहेबांनी शिकवलेलं नसावं.

बाकीचं ज्ञान वाटेतल्या माणसांचं. एप्रिल १८०५ मध्ये मोहिमेसोबतची शोशोनी तरुणी साकागाविया टोकदार काठीने जमीन उकरून उंदरांनी साठवलेले कंद काढत होती. लुईसने ते टिपून ठेवलं. सप्टेंबरमध्ये उपाशी मंडळींना नेझ पर्स लोकांनी कॅमासचे कंद खाऊ घातले. पोटं बिघडली, पण जीव वाचले. ‘शोध’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरावा.

जमवलेलं सांभाळणं त्याहून अवघड. मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांजवळ पुरून ठेवलेला साठा १३ जुलै १८०६ रोजी उघडला, तर पुराचं पाणी आत शिरून वनस्पतींचे सगळे नमुने गेलेले. नदीचा नकाशा तेवढा वाचला.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, आजच्या मोंटानात, लुईसने ते कडू मूळ फुलासकट उपटून कागदात दाबलं होतं. फिलाडेल्फियात मूळ मातीत लावलं, तर ते फुटलं! म्हणून ‘रेडिव्हिवा’, पुन्हा जिवंत झालेली. हे नाव दिलं फ्रेडरिक पर्श या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. नमुने नीट लावायचं काम लुईसने त्याच्याकडे सोपवलं होतं. पण १८०९ मध्ये लुईस वारला आणि पर्श काही नमुने घेऊन लंडनला पोहोचला. तिथे १८१४ च्या त्याच्या ग्रंथात ही नावं छापली गेली. क्लार्कच्या वाट्याला क्लार्किया आली.

लंडनला गेलेले नमुने १८४२ मध्ये लिलावात निघाले. एडवर्ड टकरमन या अमेरिकन तरुणाने ते घेतले आणि १८५६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विज्ञान अकादमीला दिले. उरलेले त्याच शहरात, अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत, विसरून पडले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस मीहान यांना ते सापडले १८९६ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी मोंटानाने कडू मुळाच्या फुलाला राज्याचं फूल ठरवलं होतं.